जबाबदारीची बारी

घरात जुन्या चपला कशा जमतात, कोणी आणत नाई अन् कोणी फेकत बी नाई, तसे आमच्या ऑफिसात किस्से जमले हायेत. चार दोस्त बसले का एकेक काढाचा. फक्त आधीच सांगून ठेवतो, माझ्या हरेक किश्शात एक माणूस येते. इरफान. अन् मी त्याच्यावर जळतो! लपवाचं काय त्यात? पोटात दुखते तर दुखते म्हणाचं.

आमचं ऑफिस चंद्रपुरात, एका मोबाईलच्या दुकानाच्या वर. दुकानदारायले अन् राईस मिलवाल्यायले आम्ही बिलाचं सॉफ्टवेअर देतो, अन् ते अडलं का ऑनलाइन नीट करून देतो. मालक वासेकर साहेब. फोन उचलाले अन् तक्रारी लिहून घ्याले कल्पनाबाई. तक्रारी सोडवाले दोघं, मी अन् इरफान. संपलं ऑफिस.

मी रामटेके, मूळ गोंडपिपरीचा. बायको संगीता राहते आलापल्लीले. तिथी तिच्या आईचं किराणा दुकान हाय, आईचे गुडघे गेले, म्हून दुकान संगीताच पाहते. पोरगी बी तिथीच. मी शनवारी एसटीनं जातो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. बालवाडीतल्या बाईनं पोरीले विचारलं, "तुझे बाबा काय करतात?" पोरगी म्हणे, "माझे बाबा शनवारी असतात." संगीता हे हासत-हासत सांगते. मले काई हासू येत नाई.

अन् अशात साहेबांनी सांगतलं का आलापल्लीले आपली ब्रँच उघडाची हाय, तिथी एक इन्चार्ज लागते. आलापल्ली! माझ्या घरापासून पायी जाता येईन अशी नोकरी! मी त्याच दिवशी पोरीसाठी मनातल्या मनात सायकल घेऊन ठेवली.

साहेब म्हणे, "पाहू. स्क्रीन सांगेल."

*

तर ही स्क्रीन. पुण्याहून एक कन्सल्टंट आला होता. शर्ट इतका पांढरा का आमच्या खुर्चीवर बसाच्या आधी त्यानं रुमाल टाकला. म्हणे, "ऑनलाइन सेवेत जबाबदारी दिसली पाहिजे. आजपासून प्रत्येकाची जबाबदारी मोजली जाईल."

कल्पनाबाई म्हणे, "मोजाले काय धान हाय का जी?"

त्यानं भिंतीवर टीव्ही लावून देला. त्यात आमची नावं अन् नावापुढं एकेक ठिपका. तक्रार लवकर सोडवली, गिऱ्हाइकानं तारे देले, का ठिपका हिरवा. उशीर झाला का पिवळा. अन् सिस्टम बंद पडली अन् तुम्ही जबाबदार निघाले, का लाल. तीन महिन्यांत ज्याचा ठिपका जास्त हिरवा, तो आलापल्लीचा इन्चार्ज.

मी इरफानकडे पाह्यलं. त्याले बी ते पद पाहिजे होतं. राजुऱ्याच्या एका मुलीसोबत त्याचं लग्न जुळून राह्यलं होतं, अन् मुलीच्या बापाची अट होती का जावई कशाचा तरी इन्चार्ज पाहिजे. कशाचा बी! 

कन्सल्टंट गेला. टीव्हीवर तीन हिरवे ठिपके, एकाखाली एक. इरफान वर, मधात कल्पनाबाई, मी खाली. म्हटलं, हे काऊन? तर कल्पनाबाई म्हणे, अक्षरांच्या क्रमानं हाय. इ आधी येते, र मागून. मायबापानं नाव ठेवलं तवापासूनच तो पुढं होता माझ्या!

*

गोंडपिपरीच्या एका राईस मिलवाल्याचं गेटपास छापणं बंद पडलं. फोनवरून सुधरेना. मे महिना, भर दुपार, मी गाडी काढली. डोक्यावर दुपट्टा, ऊन लागू नये म्हून खिशात कांदा. मिलमध्ये धुळीत बसून सगळं उलगडलं, नीट केलं, चार गेटपास छापून दाखवले. मालक खुश! त्यानं माझ्यासमोर मोबाईल काढला, फॉर्म उघडला, पाच तारे देले.

मी हळूच डोकावलो. खाली प्रश्न होता, "तुमची मदत कोणी केली?" त्यानं नाव निवडलं, इरफान!

"अरे भाऊ, मी रामटेके! मी केलं ना!"

"तू तर आपल्याच गावचा हायस गा," मालक म्हणे. "तुले काय तारे द्याचे! तुले जेवण." अन् खरंच मले पोटभर जेवू घातलं. वांग्याची भाजी अन् भात, वरून आमरस. चांगलं होतं, नाई कसं म्हणू? पण आमरसाचा ठिपका टीव्हीवर दिसत नाई ना!

"पण इरफानले काऊन?"

"मागं दिवाळीच्या दिवशी त्यानं माझा फोन उचलला होता. तवा हे तारे नव्हते. राह्यले होते द्याचे."

*

मुलचेऱ्याकडे बंगाली गावं हायेत. तिथी आमचे एक बिस्वासदादा, खताचं दुकान. मराठी बोलतात, पण गोड करून बोलतात. त्यांच्याकडे मी तीनदा गेलो, तीनही वेळा काम चोख. अन् तीनही वेळा तारे किती? तीन!

चौथ्यांदा मी विचारलंच. "दादा, काई चुकते का माझं?"

"ना ना! काम एकदम भालो."

"मंग पाच काऊन देत नाई?"

दादानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. म्हणे, "पाच दिले की तुमचे साहेब म्हणतील, बिस्वासचं सगळं ठीक आहे, आता तिकडे जायची गरज नाही. तीन दिले की तुम्ही धावत येता. बघा, आलात की नाही!"

आता या माणसाले काय म्हणाचं? बरं, हिशोब तर हिशोब, मी मानला. पण मंग मी स्क्रीनवर पाह्यलं, इरफानले याच बिस्वासदादानं पाच देले होते! फोन लावला. म्हटलं, दादा, हे कसं?

"इरफान काय," दादा म्हणे, "तो तर काही काम नसलं तरी येतो."

*

मंग मी बी डोकं चालवलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. तक्रारीवर "ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा" असं लावलं का घड्याळ थांबते. उशीर मोजल्या जात नाई. मी म्हटलं, वा रे वा! तक्रार आली का पहिलं ते बटण दाबाचं, मंग आरामात काम कराचं. आठवडाभर माझा ठिपका असा हिरवा, असा हिरवा का साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "रामटेके, शिकावं तुमच्याकडून!" इरफाननं टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे माझ्या जास्त जिव्हारी लागलं.

सिरोंच्याले आमचे एक मल्लय्या शेठ हायेत, कापडाचे व्यापारी. घरी तेलुगू, आमच्यासोबत मोडकं मराठी. त्यांची तक्रार मी थांबवून ठेवली होती. त्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला. साहेब त्याच ग्रुपमध्ये!

"मी तुमची वाट पाहते. तुम्ही माझी वाट पाहते. मग काम कोण पाहते?"

त्या दिवसापासून ते बटण फक्त साहेबांच्या परवानगीनं.

*

आता घरचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाई, पण तुम्ही आपलेच.

संगीताच्या दुकानात बी आमचंच सॉफ्टवेअर हाय. मीच लावून देलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. एक दिवस ऑफिसात फोन वाजला, कल्पनाबाईनं उचलला. "हो बाई... अवो, बरी हाय ना पोरगी?... आईचे गुडघे कसे?" मी समजलो, घरचाच फोन. त्या दोघी बोलाले बसल्या का वरण करपते, म्हून मीच हात पुढं केला.

कल्पनाबाई म्हणे, "तुम्हाले नाई. इरफानभाऊले मागतात."

माझी बायको! माझ्या ऑफिसात फोन करून दुसऱ्याले मागते!

मी रिसीव्हर घेतलाच. "काय झालं? मले सांग."

"बिलावर तारीख चुकीची येऊन राह्यली," संगीता म्हणे. "पण तुम्हाले नाई चालत. तुमचाच नियम हाय ना, घरच्याची तक्रार घरच्यानं सोडवाची नाई. नाईतर तुम्ही स्वतःच स्वतःले तारे द्याल."

नियम खरा होता. कन्सल्टंटनंच करून ठेवला होता. देला रिसीव्हर इरफानले. तो बोलत होता, "जी वहिनी, हां वहिनी, आता डावीकडचं दाबा, आम्मीचे गुडघे कसे हायेत?" अन् मी समोर बसून दुसऱ्याच्या दुकानाचा जीएसटी नीट करून राह्यलो. दोन मिनटात झालं त्याचं काम. संगीतानं तारे देले पाच.

शनवारी घरी गेलो. संगीतानं भाकर वाढली. म्हणे, "इरफानभाऊ म्हणत होते, तुमचं फार कौतुक करत होते."

म्हटलं, "चटणी दे."

*

आता बारीची गोष्ट सांगाले पाहिजे, नाईतर पुढचं समजाचं नाई.

पावसाळ्यात आष्टीजवळ रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली. तिकडची सगळी दुकानं बंद, टीव्ही लालेलाल. सिस्टम सुरू झाली तर स्क्रीननं फॉर्म पुढं केला. "जबाबदार व्यक्ती निवडा." निवडाले नावं तीन. मी, इरफान, कल्पनाबाई. रिकामं ठेवलं तर फॉर्म पुढं जात नाई. साहेबांचं नाव त्यात नव्हतंच.

"जेसीबी टाकता येत नाई का?" इरफाननं विचारलं.

मी पाह्यलं. नाई येत.

पुढच्या पंधरवड्यात लगाम गावाजवळ माकडं तारेवर झुलली. तिसऱ्यांदा तर वीजच गेली. हरेक वेळी फॉर्म विचारे, कोण जबाबदार? शेवटी कल्पनाबाईनंच तोड काढली. त्या सावली तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. म्हणे, "आमच्या गावात गुरं राखाची बारी राह्यते. आज या घराची, उद्या त्या घराची. कोणाची गाय हरवली म्हून भांडण नाई. ज्याची बारी, त्यानं ऐकून घ्याचं. तसंच करू."

तवापासून सुरू. माकड आलं, कल्पनाबाईची बारी. मंग लाईट गेली, माझी बारी. पुढं जेसीबी आला, इरफानची बारी. तिघांचे ठिपके पाळीपाळीनं लाल होत अन् पुन्हा हिरवे होत. मोठी सुखाची व्यवस्था होती! साहेबांले काईच माहीत नव्हतं. ते तर तिमाहीच्या मीटिंगमध्ये म्हणे, "आपल्याकडे जबाबदारी किती छान वाटल्या गेली हाय पहा!"

*

अन् आता शेवटचा.

तीन महिने संपाचा दिवस. सायंकाळी स्क्रीन बंद होणार, अन् ज्याचा ठिपका हिरवा तो आलापल्लीले जाणार. टीव्हीवर मी अन् इरफान अगदी बरोबरीत. दोघंही हिरवे. अन् बारी कोणाची होती? माझी.

म्हणजे त्या दिवशी कुठी बी, काई बी बंद पडलं का मी लाल, अन् आलापल्ली इरफानची. सकाळपासून मी फोन वाजला का दचकत होतो. पंखा जरा हळू झाला तरी मले घाम. माकडायले मनातल्या मनात हात जोडले, बाबांनो, आजचा दिवस झाडावरच बसा.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं डबे उघडून बसलो होतो. कल्पनाबाईनं भाजी वाढली अन् टीव्ही लाल झाला. आलापल्लीच्या अलीकडे वादळ आलं होतं, सागाचं झाड तारेवर पडलं. आलापल्लीच्याच अलीकडे! जंगलात इतकी झाडं हायेत, पण त्याच झाडाले तोच दिवस सापडला!

तासभर फोन घेत-घेतच जेवलो, मंग तार जोडल्या गेली. फॉर्म आला. जबाबदार व्यक्ती निवडा.

कल्पनाबाईनं माझ्याकडे पाह्यलं. "रामटेके, बारी तुमची हाय जी." त्यांचा आवाज लहान झाला होता.

"माहीत हाय," म्हटलं. "हात धुऊन येतो, मंग भरतो."

नळाखाली मी हात धूत राह्यलो. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. डोळ्यासमोर पोरीची ती सायकल. विकत न घेताच मोडली होती! अन् इरफान राजुऱ्याले घोड्यावर बसून चालला हाय, हे बी दिसलं. घोडा पांढरा होता, कन्सल्टंटच्या शर्टासारखा. असा जळलो, असा जळलो का हात लाल झाले.

परत आलो तर फॉर्म भरलेला. जबाबदार व्यक्ती, इरफान.

तो शेंगदाणे सोलून राह्यला होता.

"अबे, तुझी बारी नव्हती!"

"नव्हती का?" त्यानं शेंगदाणा तोंडात टाकला. "मले वाटलं माझीच हाय."

ज्या माणसाले सिरोंच्यापासून वरोऱ्यापर्यंत कोणाच्या सासूचे गुडघे दुखतात हे पाठ हाय, तो म्हणते का बारी विसरलो! मी कल्पनाबाईकडे पाह्यलं. त्या डब्याचं झाकण लावून राह्यल्या होत्या, ते लागत नव्हतं.

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. टीव्हीकडे पाह्यलं. "इरफान! ऐन वख्तावर? शोभते का हा बेजबाबदारपणा?"

"चुकलं साहेब," इरफान म्हणे.

माझ्यानं राहवलं नाई. कितीबी जळत असलो तरी हे पचत नव्हतं. म्हटलं, "साहेब, तसं नाई, बारी तर..."

"कोणती बारी?" साहेब म्हणे.

कल्पनाबाईनं टेबलाखालून माझा पाय असा दाबला का आठ दिवस मी लंगडलो. बारी सांगतली तर तिघांचंही गेलं असतं. म्हटलं, "काई नाई, साहेब." साहेब म्हणे, "रामटेके, सामान बांधा."

आता सांगा! पद भेटलं, घर भेटलं, पोरगी भेटली. संगीताले बारीचं सगळं सांगून बी झालं. अन् तरी माझं पोट दुखतच हाय! आधी तो कामात पुढं होता, तारे त्याचे, वाहवा त्याची. आता चांगुलपणात बी तोच पुढं! माणसानं जळावं तरी कुठी-कुठी?

ब्रँचच्या उद्घाटनाले तो चंद्रपूरहून गाडीवर आला, आमची पाटी पाठीले बांधून. साहेबांनी नारळ फोडला. मी हळूच त्याले बाजूले घेऊन विचारलं, "राजुऱ्याचं काय झालं?" मले वाटलं होतं, मोडलं असंन. माझ्यामुळं मोडलं, हे ऐकाची मी तयारी करून ठेवली होती.

"बापानं स्क्रीनची चौकशी केली," इरफान म्हणे. "म्हणे लडका तो लाल हाय. मुलगी म्हणे, लाल चालते."

ते बी जमलं त्याचं!

समोसे संपले, साहेब अन् इरफान निघून गेले. मी माझ्या खुर्चीवर बसलो, तर पहिलीच तक्रार आली. संगीताच्या दुकानाचा प्रिंटर. साहेबांले फोन केला, घरच्याची हाय, काय करू? म्हणे, इन्चार्जले चालते. मी चालत गेलो, पोरीनं स्क्रू-ड्रायव्हर धरला, मी प्रिंटर नीट केला. स्वतः केला, माझ्या या हातानं! निघताना संगीतानं मोबाईल काढला, फॉर्म भरला. मी मुद्दामच डोकावलो नाई. या वेळी नाव कोणाचं येते हे काय पाहाचं! 

दुसऱ्या दिवशी सोमवार. पहाटेची एसटी माझ्याशिवाय गेली, पोरीनं अंगणातून तिले टाटा केला. मी ऑफिस उघडलं, नवीन टीव्ही लावला. आलापल्ली ब्रँच, पहिली तक्रार, पाच तारे. खाली, "तुमची मदत कोणी केली?"

इरफान.

त्याच्या खाली एक रिकामी चौकट राह्यते, "आणखी काही सांगायचे आहे का?" इतक्या दिवसात त्यात कोणीच काई लिहिलं नव्हतं. संगीतानं लिहिलं होतं.

"माणूस घरी पोचवला."